पळसाखालची माती

१२ सप्टेंबर

पोचले एकदाची! वाशिमहून रिसोड, रिसोडहून केनवड, आणि तिथून पुढे हर्षलच्या मोटारसायकलवर, मांडीवर सूक्ष्मदर्शकाची पेटी घट्ट धरून. चिखलाच्या प्रत्येक खड्ड्याला मी डोळे मिटले आणि प्रत्येक खड्ड्याला त्याने गाडी अजून जोरात काढली. पेटी शाबूत आहे, कंबरेचं उद्या कळेल. आईला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, तिकडे चपात्या मिळतात का. कऱ्हाडच्या पलीकडे लोक काय खाऊन जगतात याची तिला कायम चिंता असते.

घर गावाबाहेर, वावरातच आहे. शेताला इथे वावर म्हणतात आणि बांधाला धुरा, हे दोन शब्द पहिल्याच तासात शिकले. जगदेवकाका घरचे कर्ते. बोलतात कमी, हसतात मिशीतल्या मिशीत. त्यांच्या बायको गोजराबाई. त्यांनी मला बघताबरोबर, "काय व पोरी, तुह्या घरी जेवाले देत नव्हते का?" असं म्हणून ताटात तिसरी भाकरी टाकली. हर्षल त्यांचा एकुलता एक मुलगा आणि योगिनी त्याची बायको. ती माझ्याच वयाची, सहावा महिना लागलाय. आमची गट्टी जमायला चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागला.

आता कामाचं. घरामागे चाचणीचं वावर आहे. तीन वर्षं तिथे एका बियाणे कंपनीची नवी कपाशी लावतात. तिच्यात कुठल्याशा जिवाणूचं जनुक घातलंय, त्यामुळे तिची मुळं कुजत नाहीत. मूळकुजीने उभं पीक वाळून जातं, त्यावरचा हा उपाय, आणि कपाशीला तो मानवलाय यात वाद नाही. मला बघायचंय ते बाकीच्यांचं. गांडुळं, बुरशा, मातीतले डोळ्यांना न दिसणारे जीव, ज्यांचा या भांडणाशी संबंधच नाही, त्यांना काही होतं का? नाल्यापलीकडे काकांचंच दुसरं वावर आहे, तिथे साधी कपाशी. दोन्हीकडची माती तपासायची आणि जानेवारीत अहवाल द्यायचा. नागपूरचे आमचे अनुपसर म्हणाले, सुट्टीच समज.

चाचणीची कपाशी खरोखर देखणी आहे. आणि एक नवल, एवढा पावसाळा, शेजारी गोठा, मागे उकिरडा, पण घराभोवती माशी नाही की वास नाही. गोजराबाईंच्या टापटिपीचं कौतुक केलं तर स्वारी एकदम खूश.

१६ सप्टेंबर

आज कापडं पुरली. पद्धत साधी आहे. कोऱ्या मांजरपाटाचे वीतभर तुकडे घ्यायचे, कोपऱ्यात लाल दोऱ्याने नंबर शिवायचा, पुरायचे आणि महिन्याने काढायचे. माती जिवंत असेल तर ती कापड खाऊन टाकते. नंबर योगिनीने शिवून दिले, कारण माझे टाके बघून तिला हसू आवरेना.

गांडुळं मोजायची तऱ्हा अजून मजेची. मोहरीची पूड पाण्यात कालवून जमिनीवर ओतायची, ती त्यांना झोंबते आणि गांडुळं वर येतात. नाल्यापलीकडे इतकी वळवळत आली की मीच मागे सरकले. चाचणीच्या वावरात ओतलं आणि उकिडवी बसून राहिले. पाणी जिरून गेलं. जागा बदलून पुन्हा ओतलं, पुन्हा बदलली. एकही आलं नाही. गोजराबाईंनी लांबून विचारलं की घरातली सगळी मोहरी वावराला पाजशील तर फोडणीत काय घालू.

खणताना खुरपं तळहातात गेलं. अंगठ्याखाली चांगलंच चिरलंय. योगिनीने हळद दाबली.

चाचणीच्या वावराच्या धुऱ्यावर एक पळस आहे. बुंध्याशी दगडांचं लहान वर्तुळ आणि सुकलेली फुलं. तिथेही एक कापड पुरावं म्हणून गेले तर योगिनीने हात धरला. तिचा पहिला मुलगा तिथे आहे. गेल्या वर्षी पावसाळ्यात तीन महिन्यांचा असताना ताप आला, आणि रिसोडला पोचेपर्यंत गेला. तान्ह्या लेकरांना जाळत नाहीत, म्हणून घरच्याच धुऱ्यावर पुरलं, तिने शिवलेल्या निळ्या काठाच्या दुपट्यात गुंडाळून. त्याला ती मोठा म्हणते आणि पोटातल्याला लहाना. सांगताना ती रडली नाही, मलाच रडू फुटलं.

नंतर गोजराबाई हळूच म्हणाल्या, "लेकराची माती झाली का ते सुटते. तवर मायच्या मांगं मांगं राह्यते." म्हणून त्या दर अमावास्येला पळसाखाली दूध ठेवतात.

२४ सप्टेंबर

योगिनीला रंगेहाथ पकडलं! चुलीमागे बसून, तव्यावर भाजलेलं मातीचं ढेकूळ पदराआड कुटुकुटु खात होती. डोहाळेच मातीचे लागलेत बिचारीला. गोजराबाई तिचीच बाजू घेतात. हर्षलच्या वेळी म्हणे त्यांनी गोठ्याची अर्धी भिंत संपवली होती.

मी लगेच शाळेतल्या बाई झाले. रक्त कमी असलं की असं होतं, गोळ्या घे, नाल्याकडची माती तर तोंडाजवळ नेऊ नकोस, जंत होतील. तिने विचारलं, मग कुठली खाऊ? मी हसत सांगितलं, खायचीच तर आमच्या चाचणीच्या वावरातली खा, तिथे औषधालाही किडा सापडत नाही. दोघी पोट धरून हसलो.

हाताची जखम सुजली नाही, पिकली नाही, पण मिटायचंही नाव घेत नाही.

८ ऑक्टोबर

या घरात दही लागत नाही. ऐकायला फुटकळ वाटतं, पण आठवडाभर दुसरा विषय नाही. गोजराबाई दूध कोमट करून विरजण लावतात आणि सकाळी बघावं तर दूध जसंच्या तसं. आधी विरजणाला नावं ठेवली, मग केनवडहून दही आणवलं, मग नाल्यापलीकडच्या रुखमाबाईकडून वाटीभर मागून आणलं. आज दुधालाच शिव्या. "नासत बी नाही मेलं!" हे खरं आहे. पातेलं परवापासून उघडं आहे आणि दूध ताजं आहे.

मला हसू आलं, मग तपासून बघायची खाज सुटली. नाल्याच्या पाण्याचा थेंब काचेवर घेतला. बारीक जीव मजेत पोहत होते. त्यात आमच्या विहिरीच्या पाण्याचा थेंब सोडला. विहीर चाचणीच्या वावराला लागूनच आहे, आणि घरात धुणंभांडी, स्वयंपाक, गाईंचं पाणी, सगळं तिचंच. पोहणं हळू झालं आणि थांबलं. जीव फुटले नाहीत, आक्रसले नाहीत. जागच्या जागी थांबले. चहा पिऊन आले तरी तसेच होते.

मग उकिरड्यावर गेले. वर आजची देठं, खाली कालची, आणि त्याखाली आंब्याच्या साली. उन्हाळ्यातल्या. पिवळ्याधमक, ओल्या, वास नसलेल्या. जगदेवकाका म्हणाले, तीन वर्षं झाली, शेणाचं खतच होऊन नाही राह्यलं, विकत आणतो. हे त्यांना कुणाला सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. मी ज्याला टापटीप म्हणत होते ते हे.

१८ ऑक्टोबर

कापडं काढली. नाल्यापलीकडची म्हणजे नुसती जाळी, काहींचा लाल नंबर तेवढा उरलेला. हे अपेक्षितच होतं.

चाचणीच्या वावरातली झटकली आणि माती गळून पडली. डाग नाही. कोरा मांजरपाट जरा पिवळट असतो. ही कापडं पुरली तेव्हापेक्षा पांढरी आहेत. एका तुकड्याचा कोपरा पुरताना माझ्या हातून टरकला होता, पक्कं आठवतंय, कारण योगिनी मला हसली होती. आज तो कोपरा धड आहे. फाटलं होतं तिथे केसाहून बारीक पांढऱ्या मुळ्यांचं रफू आहे.

अनुपसरांना फोन केला. ते खूश झाले. कुजू नये म्हणूनच तर केलंय, म्हणाले, आणि अहवालात लक्षणीय दुष्परिणाम नाही असंच लिही. मी म्हटलं, सर, मातीचं कामच कुजवणं आहे. ते म्हणाले, भावनिक होऊ नकोस. मला राग आला आणि तो अजून गेला नाही.

२७ ऑक्टोबर

पाऊस गेल्यापासून काळी माती भेगाळायला लागली आहे. काही भेगांत अख्खा हात जातो. आज सकाळी खोलवरची माती हवी म्हणून धुऱ्याच्या वरच्या टोकाला खणत होते. जगदेवकाका धावत आले, थांब म्हणाले, पण तोवर टिकाव कशाला तरी लागला होता. शिंग. त्यावरचा पोळ्याचा हिंगूळ अजून लालभडक.

तो त्यांचा लाखा बैल. दोन वर्षांपूर्वी नाल्यात कोसळून गेला, डावं शिंग मोडलं होतं. मीठ टाकून इथे पुरला. काका स्वतः खाली उतरले आणि हातांनी माती बाजूला करू लागले. कातडी तुकतुकीत, पोट भरलेलं. नाकपुड्यांतून कपाशीची पांढरी मुळं आत गेली होती, दाव्याएवढी जाड. दोन्ही शिंगं धड होती.

काकांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. मला म्हणाले, "गरम हाये." मग आम्ही दोघांनी माती ओढली. बायकांना सांगू नको, एवढंच म्हणाले. जेवताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

मातीत न कुजलेली वस्तू ही एक गोष्ट झाली. मोडलेलं शिंग जुळतं कसं?

५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. अनारसे छान झाले होते, मी चार खाल्ले, हे लिहून ठेवते कारण पुढचं लिहायला नको वाटतंय.

योगिनीने आज मला गोठ्याच्या सावलीत बसवून सांगितलं की लहाना घरात हलतच नाही. वावरात, पळसाशी जाऊन मातीवर बसली की हलतो. पाठीमागून कुणी थोपटावं तसं खालून काही लागतं, आणि तो आतून उत्तर देतो. मी तिची समजूत घातली, चालल्यामुळे होत असेल. मग तिने पदराची गाठ सोडली. ढेकळं. मी विचारलं, कुठली? तिने किती सहज सांगितलं. तुमीच सांगतली होती न ताई, चाचणीच्या वावरातली. कीड नाही म्हणून. तेव्हापासून रोज खाते.

मी तिच्या हातातली माती हिसकावून नाल्यात फेकली. देवाची, मोठ्याची, माझी शपथ घातली. ती घाबरून रडायला लागली आणि मी तिला जवळ घेऊन बसले. तिने माझं ऐकलं म्हणून हे झालंय. उद्याच दवाखाना.

१३ नोव्हेंबर, वाशिम

योगिनीला इथे दाखल केलंय. डॉक्टरीणबाईंनी एका मशीनवर बघितलं, मग दुसऱ्यावर. लेकरात दोष कुठेच नाही. पण महिन्यापूर्वीच्या तपासणीत जेवढं होतं तेवढंच आहे, तसूभर वाढ नाही, आणि ठोके फार मंद. माती बंद केल्यापासून रोज अजून मंद. काल संध्याकाळी त्या म्हणाल्या की सकाळी पोट उघडून काढावं लागेल, जगण्याची खात्री नाही.

आज सकाळी ठोके भरभरून चालू होते. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन रद्द केलं. गोजराबाईंच्या पदराची गाठ सुटलेली मी बघितली, आणि योगिनीच्या दातांवर काळं. सुनेने हात जोडले म्हणून सासूने माती आणून दिली होती.

मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, माती खाणं बरं नाही, बंद करा म्हणाल्या. मी विचारलं, आणि बंद केल्यावर ठोके थांबले तर? त्यांना वाटलं मीच थकले आहे. हातावरच्या जखमेला त्यांनी मलम दिलं.

२३ नोव्हेंबर

घरी परत. आज योगिनी दुपारभर पोटावर हात ठेवून बसली होती. हलत नाही, हलत नाही एवढंच म्हणत होती. शेवटी मी उठले, वावरात गेले, आणि मूठभर माती आणून तव्यावर भाजून तिच्या हातात दिली.

मी दिली. आतलं लेकरू लगेच फिरलं, मी हात लावून बघितलं. ती हसली आणि मला मिठी मारली. हिला जपायचं तर माती द्यायची आणि माती द्यायची तर हिचं पुढे काय होणार, मला काही सुचत नाही.

५ डिसेंबर

गोजराबाईंनी ठरवलं की मोठ्याला नाल्यापलीकडे न्यायचं. तिकडच्या मातीत त्याची माती होईल, तो सुटेल, आणि लहान्यावरचं सावट जाईल. लाखा बैलाचं काकांनी शेवटी घरात सांगितलं होतं, म्हणून कुणी वाद घातला नाही. दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात, काका आणि हर्षल खणायला लागले. योगिनीला घरात बसवलं होतं.

खड्ड्यात दुपटं मिळालं. निळ्या काठाचं, पांढरंशुभ्र, गाठ सुटलेलं. आत काही नव्हतं.

गोजराबाई मटकन खाली बसल्या आणि आनंदाने रडायला लागल्या. माती झाला, सुटला माहा राजा, म्हणत राहिल्या. हर्षलनेही डोळे पुसले. काकांनी हात जोडले. संध्याकाळी गूळ वाटला, मीही खाल्ला.

या वावरात कापडाचा धागा कुजत नाही. बैलाची कातडी कुजत नाही. आंब्याची साल कुजत नाही. मग तो माती कसा झाला? हे मी कुणालाच विचारलं नाही. खड्ड्याच्या कडेला एक भेग होती, पांढऱ्या मुळ्यांनी आतून लिंपलेली, गुळगुळीत. वावराच्या आत जाणारी. माझा हात जात होता तिच्यात. दंडही.

योगिनीला गूळ दिला तर तिने विचारलं, कशाचा? सांगितल्यावर ती नुसती हसली.

१२ डिसेंबर

धुऱ्यापासून विहिरीपर्यंत मातीत घसटल्याची खूण. हर्षल म्हणतो, घोरपड.

घोरपडीला शेपूट असते. इथे शेपटीची रेघ नाही. दोन्ही बाजूंना ठसे आहेत, बोटांचे, तांदळाच्या दाण्याएवढे. पाच-पाच.

माझ्या जखमेत पांढरे धागे दिसतात. कात्रीने कापले. दुपारी पुन्हा होते. दुखत नाही.

१५ डिसेंबर

आज खूण विहिरीपासून गोठ्यापर्यंत. गोजराबाईंनी सडा घालताना पुसून टाकली. त्यांना मी सांगितलं नाही. त्या इतक्या आनंदात आहेत, बाळंतविडा जमवतायत, डिंक, खारीक—

कपाशीची दोन झाडं उपटली. मुळं खाली जातच नाहीत. आडवी वळलीत, सगळी घराकडे.

अनुपसर फोन उचलत नाहीत. आईला सांगितलं, येते लवकर. ती म्हणाली, आवाज असा का लागतो तुझा.

१८ डिसेंबर

पायरीपाशी. खूण आज पायरीपाशी आली.

योगिनीच्या खोलीची खिडकी त्याच बाजूला. तिने खिडकीत दूध ठेवलंय, वाटीत. कुणासाठी विचारलं तर म्हणाली, तुमाले माहीत हाये न.

बस. मी हिला इथून काढते. माती सोबत घेऊ, पोतंभर घेऊ, वाटेत देऊ, नागपूरला मोठे डॉक्टर आहेत, ते बघतील. हर्षल तयार झालाय. गोजराबाईसुद्धा. परवा गाडी येणार. लेकराला या वावरात जन्मू द्यायचं नाही, एवढं मला कळतंय.

२० डिसेंबर

गाडी आली, योगिनी घरात नाही. पळसाखाली सापडली. कळा सुरू—

गाडी धुऱ्यापर्यंत येत नाही, भेगांत चाक अडकलं. हर्षल आणि ड्रायव्हर ढकलतायत, आवाज येतोय. काका-काकू बाज आणायला धावले. मी एकटी तिच्यापाशी. लिहीत राहिले की डोकं ठिकाणावर राहतं. डावा, जखमेचा हात मिटत नाही पूर्ण, धागे—

ऊन लख्ख आहे. सगळं नीट दिसतंय.

तिला उचलायला बघितलं. उठत नाही. पाय भेगेत सोडलेत, पोटऱ्यांना पांढरं काही— ओढलं तर म्हणते, राहू द्या, आधार हाये.

बाळ आलं. मी घेतलं हातात. रडलं नाही. श्वास आहे. डोळे उघडे, माझ्याकडे बघतं. रक्त नाही कुठे, स्वच्छ, पुसावंही लागलं नाही. नाळ कापायला घेतली— ती तिच्याकडे जात नाही. मातीत जाते.

कापू की नको? कापली तर ठोके— काकू, लवकर या—

कापली नाही. दिलं तिच्या कुशीत. लहाना, म्हणाली. लहाना आला.

मग माझ्या मागे बघून हसली. मागे कोणी नाही, कपाशी आहे फक्त. कपाशी हलते खालून. एकाच ओळीत.

मी म्हटलं योगिनी तिकडे बघू नकोस. ती म्हणते, "भेऊ नका, ताई. मोठा बी आला. कुठून कुठून रांगत आलं माहं लेकरू, थकलं. घ्या न त्याले वर."

माझी ओढणी कोणीतरी खालून—